चक्करच्या गोळीपासून सुरू झालेला भ्रम: ७९ वर्षांच्या आजोबांचं प्रकरण

आजोबा ७९ वर्षांचे. बायको आणि मुलगी दोघी दोन बाजूंनी धरून घेऊन आल्या. तक्रार अशी की तीन दिवसांपासून डोक्यावर परिणाम झालाय, रात्रभर झोपत नाहीत, खोलीत लहान मुलं फिरतायत म्हणतात, चादरीवरून काहीतरी वेचत बसतात, आणि दिवसा मात्र हाक मारली तरी धड उत्तर नाही. शिवाय कपड्यातच लघवी होते. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, बाबांना स्मृतिभ्रंश सुरू झालाय हे आम्ही धरूनच चाललोय, गेले दोन-तीन महिने विसरत होतेच, फक्त आता एकदम वाढलंय. मेमरीची एखादी गोळी द्या आणि लघवी कंट्रोलमध्ये राहील अशी काहीतरी द्या."

मागणी अगदी स्वाभाविक होती, पण या दोन्हीतली एकही गोळी त्या दिवशी त्यांच्या पोटात जायला नको होती, आणि का नको होती ते सांगायलाच हे प्रकरण लिहितोय.

स्मृतिभ्रंश तीन दिवसांत येत नाही. तो महिन्या-महिन्यांनी, वर्षा-वर्षांनी सरकत येतो. तीन दिवसांत बिघडलेलं, दिवसभरात कमी-जास्त होणारं आणि लक्षच टिकू न देणारं डोकं दिसलं की तो डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम, समजायचा आणि कारण शोधायला लागायचं, वय कितीही असो. आजोबांना वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले तर डिसेंबर, नोव्हेंबर एवढं झालं आणि मग ते खिडकीकडे बघत राहिले. एक मिनिटाची टेस्ट आहे ही, पण लक्ष टिकतंय की नाही हे त्यात लगेच कळतं.

तपासणीत नाडी ११२, ताप १००.२ फॅरनहाइट. जीभ कोरडीठाक, टाळूला चिकटलेली, वरची कवळी जागेवर राहत नव्हती कारण ती धरून ठेवायला लाळच नव्हती. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या आणि टॉर्च मारला तरी जेमतेम आकसणाऱ्या. काखेत हात घालून बघितलं तर काख कोरडी. इथे मी थांबलो, कारण इन्फेक्शनने ताप आलेल्या आणि नाडी पळत असलेल्या माणसाची काख बहुतेक वेळा ओलसर लागते, आणि अंगात उष्णता असून घाम अजिबात नाही म्हटलं की औषधांकडे बघावंच लागतं. पोटाला स्टेथोस्कोप लावला तर आतड्यांचा आवाज मंद. बेंबीखाली टणक गोल फुगवटा. गुदाशयात खड्यासारखा घट्ट मळ. दोन्ही हात थरथरत होते, कोपरं ताठ, चेहऱ्यावर भाव नाहीत, आणि उभं केलं तर पाय फरशीवर घासत छोटी छोटी पावलं.

सोनोग्राफीत मूत्राशयात सुमारे ९०० मिलिलिटर लघवी. म्हणजे कपड्यात होत होती ती लघवी कंट्रोल सुटल्यामुळे नाही, तर मूत्राशय आकुंचनच पावत नव्हतं आणि वरवरची ओसंडून बाहेर येत होती. अशा वेळी टॉल्टेरोडिन किंवा ऑक्सिब्युटिनिनसारखी लघवी रोखणारी गोळी दिली असती तर उरलीसुरली हालचालही बंद झाली असती आणि किडनीवर दाब वाढला असता, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आधीच वाढून १.६ झालेलं होतं. म्हातारपणी लघवी गळतेय अशी तक्रार आली की गोळी लिहायच्या आधी मूत्राशय भरलेलं आहे की रिकामं एवढं तरी बघा, हाताने बघा, मशीन असेल तर मशीनने बघा.

औषधांवर संशय आला म्हणून बाकीचं सोडून देता येत नाही. रक्तातलं सोडियम, साखर, सीबीसी, लघवीची तपासणी, छातीचा एक्सरे, ईसीजी, आणि ते महिन्याभरापूर्वी बाथरूममध्ये घसरले होते म्हणून मेंदूचा सीटी स्कॅन पण केला, कारण या वयात साध्या पडण्यानेही कवटीच्या आत हळूहळू रक्त साठू शकतं. सगळं बऱ्यापैकी नॉर्मल आलं. दारूचा प्रश्न नव्हता. ईसीजीमध्ये नाडी जलद एवढंच, बाकी रेषा ठीक. हा ईसीजी मला खास हवा होता, कारण तोपर्यंत त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात हृदयाची लय बिघडवू शकणारं काय निघालंय ते कळलं होतं.

डब्याबद्दल. फाईलमध्ये लिहिलेली औषधं आणि माणूस खरोखर घेत असलेली औषधं यात नेहमी फरक असतो, त्यामुळे फाईल नको, घरातला अख्खा डबा आणा, अर्धवट पट्ट्या, सिरपच्या बाटल्या, ड्रॉप, मलम सगळं, असं मी सांगतो. मुलीला फाईल तोंडपाठ होती पण डबा आजींना माहीत होता. त्यांनी टेबलावर एकेक पट्टी ठेवत, कुठली कधी सुरू झाली आणि कशासाठी, ते इतकं नीट सांगितलं की निम्मं निदान त्यांनीच केलं म्हणायला हरकत नाही.

साधारण दहा महिन्यांपूर्वी आजोबांना चक्कर यायला लागली. अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरायची, अर्धा मिनिट, मग थांबायची. त्यावर सिनारिझिन आणि डायमेनहायड्रिनेट एकत्र असलेली गोळी दिवसातून तीनदा सुरू झाली. किती दिवस घ्यायची हे कोणी सांगितलं नाही, घरच्यांनी विचारलं नाही, पट्टी संपली की नवीन पट्टी येत राहिली. पाचेक महिन्यांनी आजोबा हळू झाले, वाकून चालायला लागले, हात थरथरायला लागले. ते पार्किन्सनचं लक्षण ठरलं आणि ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू झाली. त्यानंतर तोंड कोरडं पडायला लागलं, पोट साफ होईना, आणि वाचताना अक्षरं पुसट दिसायला लागली, म्हणून चष्म्याचा नंबर बदलून आणला तरी फरक नाही, शेवटी वाचनच सोडलं. बद्धकोष्ठासाठी इसबगोल सुरू झालं, पण पाणी पिणं कमी (लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून आजोबा मुद्दाम कमी प्यायचे), त्यामुळे पोट अजूनच घट्ट. मग झोप लागेना, पाय दुखतात, म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम. याच्या आसपास विसरणं सुरू झालं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, आणि घरात स्मृतिभ्रंश हा शब्द आला. आणि शेवटी तीन दिवसांपूर्वी सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सर्दीची गोळी आणली, क्लोरफेनिरामिन, फेनिलएफ्रिन आणि पॅरासिटामॉल असलेली. त्या रात्रीपासून खोलीत मुलं फिरायला लागली.

टेबलावर पट्ट्या तारखेच्या क्रमाने लावल्या की दिसतं, प्रत्येक गोळीचं कारण आधीच्या गोळीत आहे. सिनारिझिन मेंदूत डोपामिनचं, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचं, काम अडवते, म्हणून महिनोन्महिने घेतली तर पार्किन्सनसारखीच थरथर आणि ताठरपणा आणू शकते, आणि हे वयस्कर लोकांतच जास्त होतं. फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन यांचंही तेच. म्हणजे ज्याला पार्किन्सन म्हटलं गेलं तो बहुधा चक्करच्या गोळीचा साईड इफेक्ट होता, त्या साईड इफेक्टवर दुसरी गोळी आली, तिच्या साईड इफेक्टवर चूर्ण आणि चष्मा. यालाच प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात, १९९० च्या दशकातच रोचॉन आणि गुरविट्झ या दोन संशोधकांनी यावर लिहून ठेवलंय, आणि तरी आजही वृद्धांच्या ओपीडीत हे सतत दिसतं.

आता या गोळ्यांत समान काय ते बघू. डायमेनहायड्रिनेट, ट्रायहेक्सिफेनिडिल, अमिट्रिप्टिलिन, क्लोरफेनिरामिन, एक चक्करची, एक थरथरीची, एक मुळात डिप्रेशनची, एक सर्दीची. चौघींचं काम वेगळं, पण चौघी अॅसिटिलकोलिन या नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा मार्ग अडवतात. अॅसिटिलकोलिन लाळ सोडायला सांगतं, घाम सोडायला सांगतं, आतडी हलवतं, मूत्राशय आकुंचन पाववतं, डोळ्याची बाहुली लहान ठेवतं आणि जवळचं बघायला भिंग जुळवतं, हृदयाचा वेग आवरून धरतं, आणि मेंदूत लक्ष आणि आठवण यांचं बरंच काम त्याच्यावर चालतं. ते अडवलं की आजोबांच्या अंगावर जे जे दिसत होतं ते सगळं एका दमात समजतं: कोरडी जीभ, कोरडी काख, न सुटणारा मळ, तुंबलेली लघवी, मोठ्या बाहुल्या, पुसट अक्षरं, पळणारी नाडी, आणि खोलीतली मुलं. घाम येत नाही म्हणून उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून इन्फेक्शन नसताना ताप.

सर्दीची तीच गोळी तिशीतल्या माणसाने घेतली तर त्याला थोडी झोप येते, तोंड सुकतं, बस. ऐंशीच्या जवळच्या माणसाचं वेगळं असतं, कारण मेंदूत अॅसिटिलकोलिनची शिल्लकच कमी उरलेली असते, लिव्हर आणि किडनी औषध सावकाश बाहेर काढतात म्हणून तेवढाच डोस जास्त वेळ अंगात राहतो, आणि रक्तातून मेंदूत जायची वाट पूर्वीइतकी घट्ट राखलेली नसते. त्यात पुरुषांना प्रोस्टेट. आजोबांची प्रोस्टेट थोडी मोठी होतीच, आणि सर्दीच्या गोळीतलं फेनिलएफ्रिन मूत्राशयाचं तोंड अजून आवळतं. म्हणजे एका बाजूने मूत्राशयाची ताकद गेली आणि दुसऱ्या बाजूने दार बंद झालं. प्रोस्टेटवाल्या म्हाताऱ्या माणसाला सर्दीची गोळी घेऊन लघवी अडकणं ही इमर्जन्सीत नेहमी दिसणारी गोष्ट आहे आणि मला मनापासून वाटतं की ही गोळी देताना काउंटरवरच "प्रोस्टेटचा त्रास आहे का" एवढं विचारलं जावं.

अॅसिटिलकोलिन अडवणाऱ्या औषधांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात, आणि त्यांचा एकूण भार मोजायला स्केल आहेत. एक बरंच वापरलं जाणारं अँटिकोलिनर्जिक बर्डन स्केल, थोडक्यात एसीबी, २००८ साली आलं, त्यात औषधाला शून्य ते ३ गुण देतात आणि एकूण बेरीज ३ किंवा जास्त झाली की सावध व्हायचं. आजोबांच्या या चारही औषधांना प्रत्येकी ३, म्हणजे बेरीज १२. वेगवेगळ्या स्केलमध्ये गुण थोडे इकडेतिकडे होतात, डोस किती आहे हे एसीबीमध्ये धरलं जात नाही, त्यामुळे आकडा म्हणजे काही रक्ततपासणी नाही, पण बेरीज करायची सवय लागते हा त्याचा खरा फायदा. कारण चारही गोळ्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणासाठी आल्या, सुटी सुटी बघितली तर प्रत्येक गोळी "चालण्यासारखी" वाटते आणि बेरीज कोणीच करत नाही. अमेरिकेतले बिअर्स निकष, जे १९९१ पासून आहेत आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारले गेले, ते ६५ च्या वर या गटातली बरीच औषधं टाळायला सांगतात, आणि अशी दोन औषधं एकत्र देऊ नका असंही सांगतात.

मेमरीच्या गोळीचं आता स्पष्ट होईल. डोनेपेझिल अॅसिटिलकोलिन वाढवते, आणि बाकीच्या चार गोळ्या तेच अडवतायत. म्हणजे गाडीच्या पुढेही बैल आणि मागेही बैल. उलट डोनेपेझिलने काहींना लघवीची घाई वाढते आणि मग त्यावर पुन्हा लघवी रोखणारी गोळी लिहिली जाते, हा तर वेगळाच कॅस्केड. आणि मुळात डिलिरियम चालू असताना स्मरणशक्तीची टेस्ट घेऊन लेबल लावूच नये.

उपचार तसे साधे होते, जास्त काम थांबवण्याचंच होतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला. सर्दीची आणि चक्करची गोळी त्याच दिवशी बंद. ट्रायहेक्सिफेनिडिल एकदम न तोडता आठवडाभरात उतरवत बंद केली आणि अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमवर आणून दोन आठवड्यांनी थांबवली. महिनोन्महिने घेतलेली अशी औषधं झटक्यात बंद केली तर मळमळ, घाम, बेचैनी, झोप उडणं, थरथर वाढणं असं उलटं होऊ शकतं, म्हणून हे वाचून कोणी घरच्या घरी आईवडिलांच्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका, ज्यांनी लिहिल्यात त्यांच्याशी बोलून उतरवत जा. त्रास फारच गंभीर असेल, म्हणजे झटके, हृदयाची लय बिघडलेली, खूप ताप, तर गणित वेगळं, तिथे सगळं लगेच थांबवून आयसीयूत ठेवावं लागतं. फायसोस्टिग्मिन नावाचं उलट काम करणारं औषध आहे, पण ते मॉनिटर लावून निवडक पेशंटना द्यायचं असतं, अमिट्रिप्टिलिनसारखं औषध पोटात असताना तर फारच जपून, आणि आजोबांना त्याची गरज नव्हती.

पहिल्या रात्री ते उठून कॅथेटर ओढत होते तेव्हा वॉर्डमधून झोपेच्या इंजेक्शनचा विषय निघाला. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन अशी जोडी अशा वेळी बऱ्याच ठिकाणी देतात. आजोबांच्या बाबतीत हॅलोपेरिडॉलने ताठरपणा वाढला असता आणि प्रोमेथाझिन तर त्याच कुळातली, बेरीज १५ झाली असती. त्याऐवजी मुलीला शेजारी बसू दिलं, चष्मा घातला, कानाचं मशीन लावलं (ते घरी ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं, आजींनी मागवून घेतलं), खोलीत मंद दिवा ठेवला, रात्री उगाच बीपी घ्यायला उठवणं बंद केलं, दिवसा खुर्चीत बसवलं. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं पण डिलिरियममध्ये याच गोष्टी सगळ्यात जास्त कामाच्या आहेत, आणि ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही तो अंधाऱ्या खोलीत घाबरणारच ना.

पोटासाठी एनिमा, नंतर पॉलिइथिलीन ग्लायकॉल पावडर, पुरेसं पाणी, आणि इसबगोल तूर्त बंद. इथे एक सांगतो. घट्ट मळ अडकलेला असला की त्याच्या बाजूने पातळ जुलाब गळतात आणि घरचे म्हणतात जुलाब लागलेत. मग जुलाब थांबवायची गोळी दिली जाते, आणि आधीच अडलेलं आतडं अजून अडतं. वृद्ध माणसाला अचानक जुलाब आणि पोट फुगलेलं, तर आधी बोटाने तपासा.

तिसऱ्या रात्री मुलं दिसणं बंद झालं. पाचव्या दिवशी त्यांनी मुलीला नावाने हाक मारली आणि आपण इथे कधीपासून आहोत ते विचारलं. पोट साफ झाल्यावर, टॅम्सुलोसिन सुरू करून, कॅथेटर काढला आणि लघवी स्वतःहून झाली, मागे उरलेली ८० मिलिलिटर. मुलीने विचारलं की गोळ्या काढता काढता ही नवीन कशाला. प्रश्न बरोबर होता. पण प्रोस्टेट खरोखर वाढलेली आहे, हा दुसऱ्या कुठल्या गोळीचा साईड इफेक्ट नाही, तेव्हा हिला स्वतःचं कारण आहे. फक्त उभं राहताना बीपी पडू शकतं म्हणून ती रात्री, आणि पहिले दिवस उभं करून बीपी बघत बघत.

मग राहिली मूळ चक्कर. डिक्स-हॉलपाइक टेस्ट केली, म्हणजे मान एका बाजूला वळवून पटकन आडवं करायचं, तर उजवीकडे खोली फिरली आणि डोळे ठरावीक पद्धतीने उडाले. कानातले बारीक कण जागा सोडून गेल्याने होणारी ही चक्कर, यावर गोळी लागतच नाही, एपली मॅन्युव्हर म्हणून डोकं टप्प्याटप्प्याने फिरवायची क्रिया आहे, ती काही मिनिटांत होते. १९९२ पासून ती नीट छापून आलेली आहे. आजोबांवर दोनदा करावी लागली आणि चक्कर गेली. भ्रम होईपर्यंतची दहा महिन्यांची फरफट ज्यातून सुरू झाली ते या दोन बैठकांत संपलं, याचं मला फार वाईट वाटतं. चक्करच्या गोळ्या अगदी जोराचा त्रास असेल तेव्हा दोन-चार दिवसांपुरत्या ठीक, महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूची तोल सावरून घ्यायची प्रक्रियाच त्या मंदावतात.

विसरण्याबद्दल घरच्यांना खूप विचारायचं होतं. या औषधांनी कायमचा स्मृतिभ्रंश होतो का? २०१९ मध्ये ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, स्मृतिभ्रंश झालेले ५८,७६९ आणि न झालेले २,२५,५७४ लोक, त्यात डिप्रेशनची, पार्किन्सनची, मूत्राशयाची या गटातली तीव्र औषधं वर्षानुवर्षं घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसलं, पण अॅलर्जीच्या औषधांबाबत तसं दिसलं नाही. हा संबंध आहे, औषधामुळेच झालं असा पुरावा नाही, कारण स्मृतिभ्रंश उघड व्हायच्या आधीच झोप बिघडणं, उदासी येणं सुरू होतं आणि त्यासाठीही हीच औषधं लिहिली जातात. मी घरच्यांना एवढंच सांगितलं की गोळ्या असेपर्यंत डोकं मंद राहणं नक्की, गोळ्या गेल्यावर किती परत येतं ते बघू, आणि टेस्ट घाईने नको.

तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची टेस्ट घेतली, ३० पैकी २६ गुण. दोन शब्द आठवले नाहीत, तारीख एका दिवसाने चुकली, वर्तुळात घड्याळ मात्र बरोबर काढलं. शिक्षण आणि वय बघता हे काळजीचं नाही, तरी सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलंय. जुन्याच चष्म्याने वाचायला लागलेत. कवळी बसते. त्यांच्या कार्डावर वर ठळक अक्षरात लिहून दिलंय की सर्दी, खाज, उलटी, चक्कर, झोप, पोटात मुरडा, लघवीची घाई यातल्या कशावरही नवीन गोळी सुरू करायच्या आधी दाखवायचं, कारण या सातही तक्रारींवर मिळणाऱ्या नेहमीच्या औषधांत हे घटक असतात, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन, डायसायक्लोमिन, सोलिफेनासिन ही त्यातली रोजची नावं. सर्दीला पॅरासिटामॉल आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात.

थरथरीचं अजून पूर्ण मिटलेलं नाही. चालणं मोकळं झालं, चेहरा बोलका झाला, डाव्या हाताची थरथर गेली, पण उजव्या हाताला बसल्या बसल्या थोडी थरथर राहिलीये. औषधाने आलेला पार्किन्सनिझम बहुतेकांचा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत जातो, पण काही जणांत खरा आजार आतून सुरू झालेला असतो आणि औषधाने तो लवकर उघडा पडतो, आणि एकाच बाजूला राहिलेली थरथर बघून ती शंका धरावीच लागते. म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे नाव घातलंय. उद्या औषध लागलंच तर या वयात लेव्होडोपाचा विचार होईल, ट्रायहेक्सिफेनिडिलचा नाही, आणि हे त्यांच्या चिठ्ठीत मी आधीच लिहून पाठवलंय.